घालून न पाहिलेला कोट

कोट घ्यायला आलेला माणूस घाईत असो, कंजूष असो, नाहीतर बायकोने ढकलत आणलेला असो, एकदा तरी तो कोट अंगावर चढवून आरशात बघतोच. पोट आत घेतो, बाजूने बघतो, मागून कसा दिसतो म्हणून मान मुरगळून घेतो. जो यातलं काहीच करत नाही तो गिऱ्हाईक नव्हे, कुणीतरी पाठवलेला माणूस. ठिगळला हे पक्कं माहीत होतं, कारण तरुणपणी असे कोट तोच आणायचा. दाजींच्या कारखान्यातलं त्याचं पहिलं काम तेच होतं.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो दाजी म्हणायचा म्हणून सगळा कारखाना दाजी म्हणायला लागला, आणि पुढे नाव मोठं झालं तेव्हा कोटाच्या आतल्या पट्टीवरही 'दाजी' हेच विणून यायला लागलं. आपणही त्यांना अहोजाहोच करू. नात्याचा मान माणसाची लायकी बघून देत नाहीत.

तर या दाजींच्या कारखान्यात मागच्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं. त्याला सगळे 'उसवायचं टेबल' म्हणत. शहरात दुसऱ्या कुणाचा नवा कोट गाजला की ठिगळने त्या दुकानात जायचं, भावासाठी हवाय म्हणायचं आणि घेऊन यायचा. मग तो कोट या टेबलावर शिवण शिवण उसवायचा. सुटे झालेले तुकडे वाफ मारून सपाट करायचे, खाकी कागदावर ठेवायचे, कडेने पेन्सिल फिरवायची. कागद तयार झाला की तुकडे पुन्हा होते तसे शिवायचे आणि 'भावाला रंग नाही आवडला' म्हणत कोट परत करून यायचा. दुकानदाराला ताकास तूर लागू द्यायची नाही. दाजी अभिमानाने सांगत, "मी जगातल्या सगळ्यांकडून शिकतो." जगातल्या सगळ्यांना मात्र याचा पत्ता नसे.

बाकीचे लोक शाळा-कॉलेजांत जाऊन कपड्यांची कला शिकतात. ठिगळ लोकांच्या कोटांची पोटं फाडून शिकला. एक म्हातारा होता, तो कोटाला अस्तरच लावत नसे. त्याचा कोट उलटा केला तर आतली शिवण बाहेरच्यापेक्षा स्वच्छ. ते बघून ठिगळला स्वतःच्या शिवणीची पहिल्यांदा लाज वाटली. एक बाई होती, ती वरचं बटण सगळ्यांपेक्षा बोटभर वर लावायची, आणि तेवढ्याने साध्या कारकुनाची छातीसुद्धा भरदार दिसायची. दोघे भाऊ होते, त्यांना खिशांपलीकडे काही सुचत नसे, पण खिसे असे की हात घातला की बाहेर काढू नये वाटावं. यांतल्या एकालाही ठिगळ कधी भेटला नव्हता. तरी त्यांचा टाका कुठे घट्ट पडतो, कुठे कंटाळून सैल पडतो, हे त्यांच्या घरच्यांपेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं.

दाजींचा स्वतःचा कोट म्हणाल तर तो होता खांद्यांचा. खांद्यात पॅडवर पॅड ठासून भरायचे. माणूस कोट घालून उभा राहिला की कपाट उभं केल्यासारखं वाटे. लोकांना कपाट आवडायचं. आत कोण घाबरून बसलंय ते दिसत नाही ना.

एक दिवस ठिगळने धीर करून स्वतःचा कोट शिवला. म्हाताऱ्यासारखा बिनअस्तराचा, बाईसारखं वर लावलेलं बटण, भावांसारखे खिसे. दाजींनी तो सगळ्या कारखान्यासमोर दोन बोटांत धरून उचलला.

"हा कोट आहे का रे? ही तर नुसती ठिगळं. एक याचं, एक त्याचं, एक तिचं. तुझं काय आहे यात?"

सगळे हसले. त्या दिवसापासून त्याचं नाव ठिगळ पडलं. त्याला तसं न म्हणणारं एकच माणूस उरलं, ते म्हणजे ताई. ती त्याला बाळा म्हणायची, मिश्या फुटल्यावरसुद्धा.

ताईविषयी सांगायला हवं. आई लवकर गेली, म्हणून ताईनेच त्याला वाढवलं. लग्न होऊन दाजींकडे आली तेव्हा पाठोपाठ त्यालाही घेऊन आली. कारखान्यात इस्त्रीचं टेबल तिचं होतं. इस्त्री म्हणजे सुरकुत्या काढायचं यंत्र, असं तुम्हाआम्हाला वाटतं. ताई त्या इस्त्रीने कापडाला वळण लावायची. वाफेवर ओढलं की कापड लांबतं, गोळा करून दाबलं की आकसतं, आणि सपाट तुकड्याला माणसाच्या पाठीसारखी गोलाई येते. ठिगळचा हात हातात धरून ती इस्त्री फिरवायची आणि म्हणायची, "घाई करू नकोस बाळा. ते मऊ झालं की आपण होऊन वळतं." पुढे कारखाना वाढला, बडी गिऱ्हाइकं यायला लागली, आणि मालकाची बायको घाम पुसत इस्त्री करतेय हे दाजींना बरं दिसेना. त्यांनी ताईला वर काचेच्या खोलीत नेऊन बसवलं. पाहुणे आले की ओळख करून देत, "ह्या आमच्या मिसेस. चहापाण्याचं बघतात."

ठिगळने नोकरी सोडली आणि स्वतःचं दुकान थाटलं. पाटीवर नाव लिहिलं 'ठिगळ'. घ्या म्हणावं. तुम्ही दिलेलं नाव तुमच्याच नाकावर टिच्चून लावतो.

पहिली दोन वर्षं मात्र त्याने कपडे शिवले नाहीत, नुसता राग शिवला. दाजींचा खांदा ताठ, तर याचा कोपरापर्यंत ओघळलेला. दाजींचा रंग काळानिळा, तर याचा हळदीसारखा पिवळा. असले कोट एका नाटकवाल्याने घेतले, तेही उधारीवर. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की दुकान आपलं असलं तरी कात्री अजून दाजीच चालवतायत, फक्त उलट्या दिशेने. त्याने दाजींकडे बघायचंच सोडलं. डोळे मिटले की म्हातारा आठवे, बाई आठवे, खिसेवाले भाऊ आठवत, आणि एके वर्षी ते सगळे एका कोटात भांडण न करता एकत्र बसले. तो राखी कोट. नवाकोरा असून वाटे की घालणाऱ्याने तो बरीच वर्षं वापरलाय आणि दोघांचं आता चांगलं जमलंय. लोक दुकानाबाहेर उभे राहायला लागले. एका वर्तमानपत्राने लिहिलं, 'याला ठिगळ कोण म्हणेल?'

आणि मग एक माणूस आला आणि घालून न बघता राखी कोट घेऊन गेला. तो परतही करून गेला. भावाला रंग आवडला नव्हता.

त्याच मोसमात दाजींनी राखी कोट बाजारात आणला. खांद्यात थोडं पॅड, बाकी टाका टाका तोच. वार्ताहराने विचारलं तेव्हा दाजी हसत म्हणाले, "ठिगळाचं ठिगळ उचललं तर त्याला चोरी म्हणतात होय?" ते जसंच्या तसं छापून आलं आणि शहरभर लोकांनी चवीने वाचलं.

ठिगळ तडक दाजींच्या घरी गेला. दार ताईने उघडलं. तो दारातच ओरडायला लागला. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

"आधी पाणी पी."

"ताई, तू बघितलास ना तो कोट? कुणाचा आहे ते तुला कळलं नाही?"

"कळलं."

"मग?"

"मग काय? पाणी पी."

त्याने ग्लास तिच्या हातातच राहू दिला आणि जिना उतरला. त्या दिवसापासून त्याच्या मनात सूड एकावर नव्हे, दोघांवर उगवायचा होता. दाजींनी चोरलं ते चोरलं, पण सख्ख्या बहिणीने पाणी पी म्हणावं? रात्रंदिवस तो दात-ओठ खात राहिला. आणि खरं सांगायचं तर दाजींचं ते वाक्य त्याला एवढं झोंबलं याचं कारण ते अर्धं खरं होतं. राखी कोटातलं काय आपलं आणि काय लोकांचं, हे त्याला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं. निव्वळ खोटं बोललेलं माणूस विसरतो, अर्धं खरं मात्र काढता येत नाही.

तो विचार करत बसला. राखी कोट चोरता आला, कारण त्यातलं सगळं कागदावर उतरत होतं. मग असं काय आहे जे कागदावर उतरत नाही?

इस्त्री.

झालं, तिथून तो कामाला लागला. कोटाची पाठ त्याने जवळजवळ खोक्यासारखी सरळ कापली. पुढचं सगळं वाफेवर. कॉलरची बाहेरची कड ओढून ओढून लांबवली. पाठीवर, खांद्याच्या हाडांपाशी, कापड गोळा करून दाबून आकसवलं. किती कापड जळलं आणि किती वेळा बोटं भाजली त्याची गणती नाही. वर्षभर दुकानात ओल्या लोकरीचा वास भरलेला असे. पण शेवटी जो कोट झाला, तो हँगरवर अगदी गरीब दिसायचा आणि अंगावर चढला की माणूस विसरून जायचा आपण कोट घातलाय ते. बसा, उठा, हात वर करा, कॉलर मानेशी तशीच्या तशी.

आणि यातली खरी गंमत पुढेच आहे. हा कोट कुणी उसवला आणि सवयीप्रमाणे तुकडे वाफ मारून सपाट केले, तर वर्षभराची मेहनत त्या एका वाफेत उडून जाणार होती. कागदावर उतरणार होतं एक खोकं आणि त्याच्यावर आखूड कॉलर. त्या कागदावरून शिवलेला कोट उभ्या माणसावर झकास दिसला असता, उलट जरा जास्तच रुबाबदार. पण माणूस खाली बसला आणि त्याने हात पुढे नेले की आखूड कॉलर सगळा कोट वर खेचणार आणि स्वतः कानांपर्यंत चढणार.

दाजींच्या कारखान्यात हे ट्रायलमध्ये लक्षात आलं नसतं का? नसतं. तिथे ट्रायलचा कोट घालून बसायला बंदी होती. चुण्या पडतात म्हणून. ट्रायलच्या खोलीत खुर्चीच नव्हती. "कोट उभ्याने बघायचा असतो," दाजी म्हणत, "बसून माणूस जेवतो." आणि दरवर्षी कपडेवाल्यांचा मोठा सन्मान सोहळा होई, त्यात पहिल्या रांगेत दाजी आणि त्यांची खास गिऱ्हाइकं त्या मोसमाचा नवा कोट घालून मिरवत. पहिल्या रांगेत बसून लोक दुसरं काय करतात? टाळ्या वाजवतात.

ठिगळने खात्री करून घेतली. स्वतःचाच कोट त्याने स्वतःच चोरला. उसवला, सपाट केला, कागद काढला, नवा शिवला. तो घालून आरशासमोर खुर्चीत बसला आणि एकट्यानेच टाळ्या वाजवायला लागला. कॉलर सरसर वर आली आणि कानांना भिडली. तो आणखी जोरात टाळ्या वाजवायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या चपलांच्या दुकानदाराने काचेतून डोकावून बघितलं आणि निघून गेला.

खरा कोट खिडकीत लागला आणि चार-पाच दिवसांत एक माणूस आला. कपडे साधे, पण बूट गाडी चालवणाऱ्याचे, एकाच तळव्याला झिजलेले.

"भावासाठी हवाय."

"घालून बघता?"

"नको. आमची अंगकाठी सारखीच आहे."

ठिगळने कोटाची घडी स्वतः घातली. पातळ कागद लावला, वर एक चांगला लाकडी हँगर फुकट दिला. "भावाला सांगा, जपून वापरा," तो म्हणाला. हा कोट मात्र परत आला नाही. त्याला जरा नवल वाटलं, मग कामाच्या गडबडीत तो विसरून गेला.

सोहळ्याच्या संध्याकाळी ठिगळ मागच्या रांगेत येऊन बसला. त्याच्या अंगावर त्याचा कोट होता. दाजी आले. दाजी, एक नट, एक बिल्डर, एक निवृत्त खेळाडू, सगळ्यांच्या अंगावर तोच कोट, आणि सगळे काय देखणे दिसत होते! उभ्या उभ्या फोटो निघाले. दाजी कॅमेऱ्याकडे बघून लोकांना खांदा दाखवत होते. बायकांच्या खुर्च्या दुसऱ्या रांगेत होत्या, तिथे ताई बसली होती. ठिगळला वाटलं, आपलं गणित चुकलं. आपण वर्षभर राबून या माणसाला आणखी एक चांगला कोट करून दिला.

मग दिवे मंद झाले, सगळे बसले, पहिलं नाव पुकारलं गेलं आणि टाळ्या सुरू झाल्या.

पहिल्या रांगेतल्या कॉलरी एकदम उठल्या. जणू कुणी मागून मानगुटीला धरलं. नटाची मान दिसेनाशी झाली. बिल्डरचे कान दुमडले. दाजींनी घाईने कोट खाली ओढला, तोवर दुसरं नाव पुकारलं गेलं. पुन्हा टाळ्या, पुन्हा कॉलरी वर. मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्या नावाला अख्खा हॉल पुरस्कार घेणाऱ्याकडे बघायचं सोडून पहिल्या रांगेकडे बघत होता, आणि कॉलरी वर चढाव्यात म्हणून लोक जरुरीपेक्षा जास्त वेळ टाळ्या वाजवत होते. दाजींनी टाळ्या बंद केल्या, तर ज्याला पुरस्कार मिळाला तो त्यांच्याकडे रागाने बघायला लागला. ठिगळ हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होता. त्याची कॉलर जागची हलली नाही. असा आनंद त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता आणि तो त्याने अजिबात लपवला नाही.

मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी वार्ताहरांनी त्याला घेरलं. दोन्ही कोट दिसायला सारखे, मग तुमचाच जागेवर कसा राहतो? त्याने सगळं सांगितलं. वाफ, ओढणं, आकसवणं, आणि उसवून सपाट केलं की काय होतं तेही. 'उसवून' हा शब्द तो सावकाश आणि मोठ्याने बोलला. लोकांनी वळून दाजींकडे बघितलं. दाजी कोट काढून हातावर घेऊन उभे होते.

"पण इस्त्रीची ही कला तुम्ही शिकलात कुठे?" एका वार्ताहर मुलीने विचारलं.

तिच्या मागेच ताई चहाचा कप घेऊन उभी होती. ती त्याच्याकडेच बघत होती. ताईकडून म्हणावं तर उद्या छापून येणार, दाजींच्याच घरातली विद्या. अर्धं श्रेय पुन्हा त्या घरात जाणार. आणि तो पाण्याचा ग्लास त्याला अजून आठवत होता.

"कुणाकडूनच नाही," तो म्हणाला. "हाताला आपोआप आलं."

ताईने कप बशीत ठेवला आणि ती दुसरीकडे गेली.

पुढचे काही आठवडे ठिगळ नुसता हवेत होता. कान झाकलेल्या बिल्डरचा फोटो गावभर फिरला. दाजींचे कोट गठ्ठ्यांनी परत आले. करावं तसं भरावं, असं भेटेल तो म्हणायचा आणि ठिगळ मान हलवून पुन्हा म्हणायला लावायचा. त्याचं नाव आता लोक आदराने घेत. ठिगळ म्हणजे ज्याचं सगळं स्वतःचं, असा माणूस.

एका दुपारी दुकानात कुणी नसताना ताई आली. हातात कापडी पिशवी. तिने पिशवीतून सुटे तुकडे काढून त्याच्या टेबलावर मांडले. तो उसवलेला कोट होता. डावी बाजू सपाट, मेलेली. उजवी बाजू मात्र जशी त्याने घडवली होती तशीच, पाठीची गोलाई टेबलावर फुगून उभी होती. कागद काढायला एकच बाजू लागते, दुसरी तिची सावली असते.

"तू उसवलास हा?" त्याने विचारलं.

"मग कोण? हे म्हणाले, या कोटात काहीतरी वेगळं आहे, कारखान्यातल्या मुलांच्या हातून खराब होईल, तू खाली ये. किती वर्षांनी त्या टेबलाशी उभी राहिले."

"मग तुला कळलं असेल."

"पाठीवरून हात फिरवला आणि कळलं. सपाट केला तर काय होणार तेही कळलं. एक शब्द बोलले असते तर तुझे दाजी वाचले असते." ती खुर्चीत बसली. "मीच मुलांना म्हटलं, चांगली वाफ मारा, अगदी सपाट करा."

ठिगळला एकदम हसू फुटलं.

"ताई! म्हणजे तू माझ्या बाजूने होतीस? आणि मी मूर्ख समजत होतो की..."

"मी माझ्या बाजूने होते. जन्मभर माझ्या इस्त्रीवर यांनी नाव कमावलं आणि मी चहापाण्याचं बघते म्हणे. म्हटलं, भाऊ सूड घेतोय, त्यात आपणही हात धुऊन घेऊ. आणि वाटलं, तो माझं नाव घेईल. यांनी नाही घेतलं, तो तरी घेईल."

"अगं, ते मी दाजींचं नाव मध्ये येऊ नये म्हणून..."

"माझं नाव यायचं होतं. त्यात दाजी कुठून आले?"

"तू तरी काय केलंस तेव्हा? मी रडत-ओरडत आलो आणि तू पाणी पी म्हणालीस!"

"हे पडद्याआड बसून सगळं ऐकत होते, बाळा. तुझ्या तोंडून आणखी काही निघालं असतं तर तुझं दुकान त्यांनी महिनाभरात बंद पाडलं असतं. पाणी प्यायला असतास तर तेवढा वेळ तरी गप्प बसला असतास."

ठिगळने उगाच उजव्या बाजूचा तुकडा हातात घेतला. बोटांखाली ती गोलाई लागली आणि इतक्या वर्षांनी त्याला जाणवलं की अंगठा कुठे दाबायचा आणि कुठे उचलायचा, हे सगळं त्याच्या हातात दुसऱ्याच हाताने ठेवलेलं आहे. म्हाताऱ्याची आतली शिवण, बाईचं बटण, भावांचे खिसे, हे सगळं त्याला आठवत होतं, ते घेतल्याचं तो कबूलही करत असे. जे सगळ्यात जवळून घेतलं तेवढं मात्र त्याने आपलं म्हणून सांगितलं होतं.

"मी सांगतो ना आता," तो म्हणाला. "उद्याच बोलावतो सगळ्यांना. सांगतो, ताईकडून शिकलो."

"आता नको. आता मागितल्यासारखं होईल."

ती उठून कोटांच्या रांगेपाशी गेली. एकेका खांद्यावर तळहात ठेवत पुढे सरकली आणि पुढच्या मोसमासाठी त्याने केलेल्या कोटापाशी थांबली. खिडकीत अजून लागायचा होता तो. तिने तो हँगरसकट काढून टेबलावर ठेवला.

"हा दे. बिल माझ्या नावाने कर."

"कुणासाठी?" त्याने विचारलं.

"कारखान्यासाठी. तुझे दाजी हल्ली खाली येत नाहीत, लोक हसतात म्हणून. सगळं मीच बघते. उसवायचं टेबल इस्त्रीच्या टेबलाला जोडून घेतलंय. आणि ट्रायलच्या खोलीत खुर्ची ठेवलीय." तिने पदराने चेहरा पुसला. "पट्टीवरचं नावही बदलायला टाकलंय. आता माझं येईल. पुढच्या वर्षी सोहळ्याला ये हं, पुढे बस. आमची माणसं भरपूर टाळ्या वाजवणार आहेत."

नाही म्हणावं असं त्याच्या मनात आलं. पण दुकानात टांगलेला कोट गिऱ्हाइकाला नाही कसा म्हणायचा, आणि आज नाही म्हटलं तरी उद्या ती कुणालाही पाठवेल, आणि तो माणूस भावासाठी हवाय म्हणेल. आणि उसवणारीला ठाऊक होतं, काय सपाट करायचं आणि काय नाही. जे त्याला कळलेलं नव्हतं तेही तिला ठाऊक होतं. तो कोटाची घडी घालायला लागला. पातळ कागद दोनदा फाटला.

"माप बघायचंय का?" सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं. "कुणी घालून..."

"नको," ताई म्हणाली. "घालायचा नाहीये."

तिने पैसे मोजून टेबलावर ठेवले, कोटाची पिशवी काखेत घेतली आणि दाराशी जाऊन वळली. उसवलेले तुकडे तसेच पडले होते.

"ते असू दे तुझ्याकडे. येते, ठिगळ," ती म्हणाली आणि दार लोटून बाहेर पडली.